आप्पांनी आज इंजिन मला ऐकायला लावलं

मंडळी, आज न्हावऱ्याला घरी आलेय. आप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी मोटरसायकल सुरू केली तर इंजिनातून टकटक आवाज. भाऊ म्हणाला, "पिस्टन गेला, भंगारात देऊ."

याच गाडीवर आप्पा मला शिरूरला कॉलेजात सोडायचे. तेव्हा स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून, मूठ कानाला लावून ते बिघाड ओळखायचे. आता त्यांना ऐकू येत नाही.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर मलाच दिला. "तू ऐक. वरनं येतोय का खालनं?"

मी वर बोट दाखवलं.

"मंग पिस्टन न्हाई. रॉकर झिजला आसंल."

झाकण उघडलं. आप्पांनी रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांडीवर, अंगठा फिरवला, खड्डा लागला. दौंडहून नवा आणून बसवला. गाडी सुरू करून मी त्यांचा तळहात टाकीवर ठेवला, थरथर कळावी म्हणून.

"टकटक गप झाली व्हय?"

मी मान डोलावली. किती वर्षांनी ते असे हसले!

तुमच्या घरी गाडीचा आवाज कोण ओळखायचं?