हॅलोरनच्या भाषणातली पोरगी

ब्लांश थिबोडोला राग आला की ती आधी शिवी देते आणि कारण नंतर सांगते. एकतीस वर्षं ती शाळेची बस चालवते आहे. माझी बस तिच्या शेजारी उभी असते, त्यामुळे सकाळी साडेपाचला इंजिनं गरम होईपर्यंत तिचं बोलणं ऐकून घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग झाला आहे. तक्रार नाही. तिच्या शिव्या बहुतेक वेळा योग्य माणसाला पोचतात.

आम्ही न्यू हॅम्पशरच्या अगदी उत्तरेला राहतो. इथली कागदाची गिरणी बंद पडली, मग बँक गेली, आणि आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. पण चार वर्षांतून एकदा अध्यक्षपदाची प्रायमरी येते, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान. आमचं मत सगळ्यांच्या आधी, म्हणून देशातली बडी धेंडं आमच्या बर्फात बूट भिजवायला येतात. चर्चच्या तळघरात आमच्या पंगतीला बसून बीन्स खातात आणि असे बीन्स जन्मात खाल्ले नव्हते म्हणून सांगतात. आम्हीही काही कमी नाही. उमेदवाराला दोन-तीनदा जवळून बघितल्याशिवाय मत ठरवणार नाही, असा आमचा माज.

या खेपेला ब्लांश येईल त्याला एकच प्रश्न विचारत होती. "आमच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड परत कधी उघडणार?"

परवडत नाही म्हणून तो वॉर्ड सहा वर्षांपूर्वी बंद झाला. पुढच्याच फेब्रुवारीत तिच्या मुलीला, ओडेटला, कळा सुरू झाल्या. दुसरा दवाखाना घाटापलीकडे, त्रेपन्न मैलांवर. बर्फ पडत होतं आणि आमची एकुलती एक रुग्णवाहिका दुसऱ्याच कुणाला घेऊन गेलेली. ब्लांशनं ओडेटला आपल्या गाडीत घातलं आणि निघाली. घाटात, रस्त्यावर टाकायच्या वाळूचा ढीग असतो तिथे, पोरगी गाडीतच झाली. वीस मिनिटं जगली. एलिझ हे नाव पुरायच्या आधी ठेवलं. आम्ही सगळे होतो तिथे, अख्खं गाव होतं.

आता ओडेट छत्तीसची आहे. वॉर्ड उघडल्याशिवाय दुसरं मूल होऊ देणार नाही असं तिनं नवऱ्याला आणि आईला निक्षून सांगितलं आहे. तेव्हा मत कुणाला द्यायचं हा ब्लांशसाठी टीव्हीवर गप्पा मारायचा विषय नव्हता.

ऑक्टोबरमध्ये सिनेटर हॅलोरन बीन्स खायला आला. ब्लांशनं त्याला सगळं सांगितलं. तिचा हात दोन्ही हातांत धरून त्यानं ऐकलं, डोळ्यांत पाणी आणलं. आणि त्याच्याकडे योजना होती, नुसती बडबड नव्हे. गावोगावचे बंद वॉर्ड उघडायचं विधेयक त्यानं सिनेटमध्ये मांडलेलंसुद्धा होतं.

"माणूस कामाचा दिसतो," ब्लांश दुसऱ्या दिवशी म्हणाली. तिच्या तोंडून एवढं कौतुक मी तिच्या नवऱ्याचंही ऐकलं नव्हतं.

डिसेंबरात तो दुसऱ्याच राज्यात भाषण करताना टीव्हीवर दिसला. उत्तरेकडची बस चालवणारी आजी, घाट, बर्फ, सगळं त्यानं सांगितलं. सांगतो चांगलं, मेला. आणि शेवटी म्हणाला, "ती चिमुरडी आज पाच वर्षांची आहे. रोज सकाळी आजीच्याच बसमधून शाळेत जाते!" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी ब्लांश बसच्या चाकाला लाथ घालत होती.

"मेलेलं पोर जिवंत केलंन् गं त्यानं! माझ्या बसमध्ये बसवलंन्!"

"तू फोन कर त्याच्या कचेरीत."

"केला. कुणी बाई होती. म्हणते, लोकांना शेवटी आशा लागते, मॅडम. मी म्हटलं, तुझी आशा घाल चुलीत!"

पाठोपाठ दुसरी उमेदवार, गव्हर्नर प्रॅट आली, आमच्या बसच्या आगारातच. ब्लांशनं तिलाही विचारलं. प्रॅटबाईंनी चष्मा काढला आणि सरळ सांगितलं, "वॉर्ड उघडेल असं वचन मी देणार नाही. इथे यायला नर्सच तयार नाहीत. उगाच कशाला खोटं बोलू?"

मला बाई आवडली. ब्लांशला आवडली, पण ती चिडलीही.

"एकाकडे वॉर्ड आहे आणि जिभेला हाड नाही. दुसरी खरं बोलते आणि हात रिकामे. मी काय त्या खरेपणावर पोरीला बाळंत करू?"

"मग दे त्या खोटारड्याला मत."

"देऊ? त्या हरामखोराला?"

"मग देऊ नकोस!"

"तू गप बस, फर्न. तुला काय जातंय?"

महिनाभर हेच चाललं होतं. एक दिवस वॉर्ड जिंकायचा, एक दिवस राग. माझं मात्र ठरलं होतं. मैत्रिणीच्या मेलेल्या नातीवर टाळ्या मिळवणाऱ्याला मी मत देणार नव्हते, आणि तसं मी ब्लांशला शपथेवर सांगितलं होतं. खरं सांगते, तिच्यापेक्षा मीच जास्त तापले होते. राग दुसऱ्याच्या दुःखाचा असला की तो करायला सोपा जातो.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी हॅलोरन आमच्या शाळेच्या जिममध्ये आला. सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडायचं ठरवूनच ब्लांश दुसऱ्या रांगेत बसली. मी तिच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, न सांगता, ओडेट येऊन बसली.

"तू कशाला आलीस?" ब्लांश पुटपुटली.

"आले," ओडेट म्हणाली.

आणि त्या माणसानं तीच गोष्ट सुरू केली. आमच्या गावात, आमच्या समोर! आपण हे कुठे ऐकलं होतं तेही तो विसरला असावा, कारण दोनदा त्याची नजर ब्लांशवरून सरकून पुढे गेली. जिममध्ये चारशे माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांनी त्या छोट्या पेटीवर माती टाकली होती. तो घाटात पोचला, वाळूच्या ढिगापाशी पोचला, तशी ब्लांश उठली.

ओडेटनं तिचा कोट धरून तिला खाली ओढलं.

"बस खाली, आई."

"सोड मला. आज याला..."

"अजून संपलं नाही त्याचं. मला ऐकू दे."

ब्लांश बसली. हॅलोरननं पोरीला आजीच्या बसमध्ये चढवलं, शाळेत सोडलं. कुणी टाळी वाजवली नाही. ओडेटचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिला ते पाठ होतं.

परत येताना मी मागच्या सीटवर होते.

"किती दिवस ऐकतेयस?" ब्लांशनं विचारलं.

"डिसेंबरपासून. त्याचं प्रत्येक भाषण फोनवर येतं. गेल्या आठवड्यात म्हणाला, तिच्याकडे लाल टोपी आहे." ओडेट खिडकीतून बाहेर बघत होती. "आई, दुसरं कुणीच तिच्याबद्दल बोलत नाही गं. तूसुद्धा."

ब्लांश गाडी चालवत राहिली.

मंगळवारी आम्ही मत दिलं. ब्लांश बाहेर आली ती चेहरा लालबुंद करून.

"त्यालाच दिलं," ती म्हणाली. "वॉर्डसाठी नाही दिलं. वॉर्ड कुठला उघडतोय! निवडून येईपर्यंत तिच्याबद्दल बोलत तरी राहील मेला." आणि त्याला अशी एक शिवी घातली की दारातला म्हातारा स्वयंसेवक टोपी सारखी करायला लागला. "तू?"

"मीही," मी म्हणाले.

मी प्रॅटला दिलं होतं. शपथ घेतली होती ना! खोटेपणाची एवढी चीड असलेली मी, ब्लांशच्या तोंडावर खोटं बोलले.

हॅलोरन चौथा आला. गुरुवारी त्यानं माघार घेतली. ब्लांशच्या घरी आम्ही तिघी टीव्हीसमोर होतो. त्यानं बायकोचे आभार मानले, कार्यकर्त्यांचे मानले, आमच्या राज्याच्या थंडीवर एक विनोद केला आणि हात हलवत आत निघून गेला. सगळं मिळून सहा मिनिटं. मग जाहिराती लागल्या.

ओडेट तशीच पुढे झुकून बसली होती. जाहिराती संपल्या, हवामान सुरू झालं, तरी तिनं नजर हलवली नाही.

"आज तिचं काहीच सांगितलं नाही त्यानं," ती म्हणाली.

मी ब्लांशकडे बघितलं. आता ती त्याला शिव्या घालेल म्हणून वाट बघत होते. तिनं टीव्हीचा आवाज बंद केला, मुलीच्या शेजारी जाऊन बसली, आणि तोंडात शब्द अडकत अडकत म्हणाली, "आज बसमध्ये... पुढच्याच सीटवर बसली होती. लाल टोपी काढ म्हटलं तर ऐकेना."