खाटेखालचा ससा

सगळं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे शेजारचे काका साधं "चहा घ्या" म्हणाले तरी भांडायला आल्यासारखे वाटायचे. ते कामाला जायचे तो कारखाना आमच्या खोल्यांच्या खालीच होता. दिवसभर फरशी थरथरायची.

भाचीला नकोसा झालेला ससा त्यांनी घरी आणला, तो थेट खाटेखाली घुसला. "ये रे बाहेर, कोण खात न्हाय तुला," काका मायेनंच ओरडायचे. ससा आणखी आत सरकायचा.

"काका, तो तुमच्या आवाजाला घाबरतो," मी एकदा म्हणालो. त्या दिवसापासून ते त्याच्याशी फक्त हाताच्या खुणांनी बोलू लागले, लूमवर जोडीदाराशी बोलतात तसे. निसरड्या फरशीवर त्यांनी गोणपाट अंथरलं, कोथिंबिरीच्या काड्या ठेवल्या. ड्युटीवरून आले की खाटेकडे पाठ करून बसून राहायचे. ससा काही आला नाही.

गेल्या महिन्यात मालकानं लूम भंगारात काढले. फरशी गप्प झाली. आता ससा घरभर फिरतो, दारात येऊन माझे पाय हुंगतो. काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

काल विचारलं, "काका, जेवलात का?"

त्यांनी वळून न बघता हातानंच नाही म्हणून सांगितलं.