दुसऱ्या वाचनानंतर

त्याला कचेरीत सगळे जोडमामा म्हणत. मामा तो कुणाचाच नव्हता. एकच बहीण, आणि तिला मूलबाळ नव्हतं. आणि कॉम्प्युटर जोडण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं, ते दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं म्हणून.

पुस्तकं काढणारी कचेरी. खालच्या मजल्यावर संपादक आणि मुद्रितं तपासणारे बसत. त्यांचे कॉम्प्युटर काळे. वरच्या मजल्यावर पानं लावणारे, त्यांचे पांढरे. प्रश्न रंगाचा नव्हता. दोन्हींच्या पोटातली ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी होती आणि दोन्ही एकमेकांशी बोलायला राजी नव्हत्या. म्हणून माणसं पेन ड्राइव्ह खिशात टाकून जिना चढत-उतरत, वाटेत चहा पीत, कुणाकुणाची निंदा करत. तक्रार एकट्या मालकाची होती.

"नेटवर्क पाहिजे," मालक म्हणाला. "सगळे एका जागी. एक पुस्तक या रस्त्याने नीट छापून जाऊ दे, मग तुम्हाला कायम करतो."

जोडमामाने दोन मजल्यांच्या मधे, जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर बसवला. त्याची सिस्टिम आणखी तिसरीच होती.

"ही सासू," वरचा पानं लावणारा म्हणाला. "दोन भांडखोर सुना एका स्वयंपाकघरात नांदवायच्या तर सासू तिसऱ्या घराण्यातली हवी."

"आणि मामा कोण?"

"मामा भांडी घासणार!"

हसले सगळे. जोडमामाही हसला, आणि खरोखर भांडीच घासत राहिला. काळ्यांना पांढरे दिसत, तर पांढऱ्यांना काळे दिसत नसत. छपाईयंत्र एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला ओळखच दाखवायचं नाही. शेवटी एका सकाळी खालच्या मजल्यावर ठेवलेली फाइल वरच्या मजल्यावर उघडली. जिना ओस पडला. ज्यांचा चहा बुडाला त्यांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं.

बहीण खालच्याच मजल्यावर मुद्रितं वाचत असे. तिला मालकासकट सगळे अक्का म्हणत. तिनेच शब्द टाकून भावाला इथे चिकटवलं होतं. दोघं दोन खोल्यांच्या घरात राहत. लग्न त्यानेही केलं नव्हतं आणि तिचं टिकलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर अक्का त्या दुकानात पाऊल टाकत नसे. तिला भीती एकाच गोष्टीची होती. त्यांच्या आईने अखेरीला दोघांना समोर बसवून विचारलं होतं, "कुणाची रे तुम्ही लेकरं?" तेव्हापासून अक्काची एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ती आधी घाबरायची, मग शोधायची.

नव्या रस्त्याने गेलेलं पहिलं पुस्तक परिचारिकांसाठी होतं. छापून आलं, वाटलं गेलं, आणि एका दवाखान्यातून फोन आला. औषधाच्या मात्रेतलं दशांशाचं टिंब एक घर सरकलं होतं. पुढे पाहिलं तर एकच नव्हे, पानोपानी चुका. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. सगळ्या प्रती परत मागवल्या गेल्या. गठ्ठे जिन्यात येऊन पडले.

"ते टिंब मी दुरुस्त केलं होतं," अक्का म्हणाली. "मला आठवतंय."

"छापलंय काय ते बघा ना," मालक म्हणाला.

तिने बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मामा, तुमच्या नेटवर्कात काही घोळ आहे का, ते तपासून सांगा," मालक म्हणाला.

जोडमामा जिन्याखालच्या खोलीत गेला. सर्व्हरवर त्या पुस्तकाचे फोल्डर ओळीने दिसत होते. 'पहिल्या वाचनानंतर' एकच होता. 'दुसऱ्या वाचनानंतर' मात्र दोन होते. एकाखाली एक, काना-मात्रेचाही फरक नाही. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, हे त्या धंद्यातलं पोरही सांगेल. त्याने दोन्ही नावं आतून उघडून पाहिली.

ऱ. कोयत्यासारखा तो अर्धा र, दुसऱ्या-तिसऱ्यातला. खालची काळी यंत्रं तो एक अख्खं अक्षर म्हणून लिहीत. वरची पांढरी यंत्रं तो मोडून लिहीत: आधी साधा र, मग त्याच्याखालचं टिंब. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण सासूच्या लेखी ती दोन वेगळी नावं होती, म्हणून तिने मुकाट्याने दोन वेगळी घरं करून दिली. अक्काच्या दुरुस्त्या एका घरात गेल्या. वरच्यांनी लावलेली, पण दुरुस्त्या न झालेली पानं दुसऱ्या घरात होती, त्यांच्या यंत्रांना तेवढंच एक घर दिसे, आणि तिथूनच पुस्तक छापायला गेलं. नावं जुळवून घेण्याची सोय सर्व्हरमध्ये होती. ती चालू करायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिकताना त्याने सगळे प्रयोग इंग्रजी नावांवर केले होते.

त्याने अक्काचा फोल्डर उघडला. दशांशाचं टिंब जागच्या जागी होतं.

बाहेर मालक कुणाला तरी सांगत होता, "मामा म्हणेल ते खरं. तो यातला माणूस आहे."

जोडमामाने अक्काचा फोल्डर पुसून टाकला. मग ती सोय चालू केली, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. ही दोन्ही कामं त्याने सारख्याच नीटनेटकेपणाने केली. बाहेर येऊन म्हणाला, "नेटवर्क ठीक आहे."

अक्काने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती छापलेल्या टिंबाकडेच बघत होती. "मग माझंच काहीतरी झालं असेल," ती म्हणाली. खापर फोडायला डोकं शोधावं लागलं नाही. तिने आपलंच पुढे केलं.

मालकाने तिला घरी बसवलं. निरोपाच्या वेळी बसायला खुर्ची दिली, चार चांगले शब्द दिले. भावाला कायम केलं. पानं लावणारा म्हणाला, "मामा, पेढे?" आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून गेला.

अक्का डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. चेहरा पांढरा पडला होता.

"नजर उत्तम आहे म्हणाला."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? डोळे ठीक, म्हणजे डोकं गेलं. आईचं असंच सुरू झालं होतं. मला आठवतंय रे, टिंब सरकवलेलं स्वच्छ आठवतंय. न केलेलं काम केल्यासारखं आठवायला लागलं, म्हणजे संपलंच ना?"

ती गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघू लागली. त्याला हाक मारण्याआधी क्षणभर थांबू लागली, जणू नाव नीट आठवतंय ना, याची खात्री करून घेत होती. ते थांबणं त्याला सोसेना.

"अक्का," एका दुपारी तो म्हणाला, "तू काम केलं होतंस. चूक माझी." आणि सगळं सांगितलं. दोन फोल्डर, पुसलेली फाइल, सगळं. तिने पाठकोऱ्या कागदावर ऱ काढून मागितला. त्याने दोन काढले.

"यातला फरक दाखव."

"दिसत नाही. आत असतो."

"आत कुठे?"

"चल कचेरीत, यंत्रावर दाखवतो. पुन्हा तसंच करून दाखवतो."

"करून दाखवशील रे. तुला काय येत नाही?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "लहानपणी काच मी फोडायचे आणि मार तू खायचास. अजून तसाच आहेस."

"अक्का, खरं सांगतोय मी."

"एकच नाव आणि दोन फोल्डर! थाप मारायची तर जरा पटेल अशी तरी मार."

संध्याकाळी शेजारीण आली. तो आतल्या खोलीत होता. अक्काचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट येत होता.

"माझं आता काही खरं नाही हो, विसरायला होतं. पण भाऊ असा मिळाला. माझी चूक स्वतःवर घ्यायला निघालाय, नोकरी घालवून. सांगा, कुणाला मिळतो असा?"

"भाग्य लागतं," शेजारीण म्हणाली.

"या, त्याला भेटून जा," अक्का म्हणाली आणि त्याला हाक मारायला दारात आली. तिथे ती थांबली.