बोटिलावहिनीचं न उठलेलं टेबल

सभागृहाला दारूचा परवाना मिळणार नाही, असं प्रशियाच्या अंमलदारानं कळवलं, तेव्हा तो मनातल्या मनात हसला असणार. गावातल्या आम्ही डॅनिश लोकांनी वर्गणी काढून, विटा स्वतः वाहून ते सभागृह बांधलं होतं. अठराशे चौसष्टच्या लढाईत आमचा मुलूख जर्मनांकडे गेला आणि तेव्हापासून स्वतःच्या गावात स्वतःच्या भाषेत बोलायचीही चोरी झाली. म्हणून डोक्यावर आपलं छप्पर हवं होतं. आता तिथे प्यायलाच काही नाही म्हटल्यावर थंडीत कोण कशाला येतंय, असा त्यांचा हिशेब.

पण त्या हिशेबात माझी वहिनी धरली नव्हती.

"दारू नाही तर नाही," बोटिलावहिनी म्हणाली. "कॉफी काय कैसरच्या बापाची आहे? लाउरिस भावजी, तोंड पाडून बसू नका. लाकडं फोडा, भट्टी पेटवायची आहे."

पुढच्या रविवारी तिनं सभागृहात टेबल मांडलं. पाहता पाहता गावोगाव तशी टेबलं लागायला लागली, आणि प्रत्येक गाव म्हणतं की सुरुवात आमच्याकडे झाली. म्हणू देत. आमच्याकडचा नियम असा: सात प्रकार मऊ, सात प्रकार कडक. आधी बन, मग केक, मग राई या आमच्याकडच्या धान्याच्या काळ्या पावाचा थरांचा केक, आणि मग एकेक करत कडक बिस्किटं. सगळ्यातलं थोडं थोडं घ्यायचंच, नाहीतर जिनं केलं तिचा अपमान. शेवटचं, चौदावं बिस्किट प्रत्येकाच्या पोटात गेलं की घरधनीण म्हणते, "उठा आता." ती म्हणेपर्यंत कोणी उठत नाही. मग तो पाद्री असो नाहीतर तिचा सख्खा दीर. माझी कंबर त्या बाकांवर किती वेळा धरली, ते मलाच ठाऊक.

माझा थोरला भाऊ नीस लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. शेत वहिनी आणि मी सांभाळायचो, आणि तिसरा त्यूगे. त्याची आई बाळंतपणात गेली, बाप आमच्याकडे मजुरीला होता, तोही पुढे खपला. वहिनीनं पोराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तिला तो मावशी म्हणायचा, पण ती त्याच्यावर ओरडायची ती आईसारखीच. आता चांगला पंचविशीचा गडी झाला होता, आणि नांगराला त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. घोडं एकाच जागी पेंड खात होतं: त्याच्या बापानं लढाईनंतर डेन्मार्कचं नागरिकत्व घेतलं होतं. त्यामुळे आमच्या घरात जन्मून, आमच्या मातीत लोळून वाढलेला पोरगा कागदावर परका होता.

आणि त्या वर्षांत सरकारनं नेमकी हीच शेपटी पिरगाळायला घेतली होती. ज्या घरात डॅनिशपणा जपायची कामं चालतात, त्या घरचे असे गडी, अशा मोलकरणी सीमेपार हाकलायच्या. मालकाला हात लावायचा नाही, त्याच्या माणसाला लावायचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना चांगलं कळत होतं.

आमच्याकडे सरकारी पोलिसांतला झाबेल जमादार आला तो गुरुवारी. वहिनी कणीक मळत होती. त्यानं टोपी काढली, म्हणजे सभ्यपणात काही कमी नव्हतं.

"बाई, येत्या रविवारी तुमची चूल थंड राहिली तर बरं," तो म्हणाला. "तुमचा त्यूगे चांगला कामाचा माणूस आहे. असा माणूस हातचा जाऊ नये."

"आणि चूल थंड नाही राहिली तर?"

"मग माझा नाइलाज."

तो गेला. वहिनी तशीच मळत राहिली, पण कणकेचा पार गोळा होऊन गेला तरी तिचे हात थांबेनात. मला राहवलं नाही.

"वहिनी, एक रविवार सोड. टेबल काय, पुढच्या महिन्यात मांडू. पोरगा गेला तर कुठून आणशील?"

ती माझ्यावर अशी खेकसली की मांजर पळालं. "मला अक्कल शिकवू नका भावजी! मला काय तो जड झालाय?" आणि मग तिथेच, पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली. मी तिला नीस गेला तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यूगे दारात उभा होता. कधी आला कोण जाणे.

"मावशी, रविवारचा राईचा केक करणार आहेस ना?"

"गप बस रे मेल्या. तुला कळतंय का काय होईल?"

"कळतंय. या रविवारी चूल विझवली तर पुढच्या रविवारी ते सांगतील, घरात डॅनिश बोलू नका, नाहीतर त्यूगेला नेऊ. माझी वेसण करून तुला आयुष्यभर फिरवतील. मला नाही व्हायचं कुणाची वेसण." मग म्हणाला, "आणि मलई जास्त घाल. मागच्या वेळी काकांनीच अर्धी चाटली."

खोटं बोलत होता. पाव चाटली असेल.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. धमकीची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे एरवी न येणारे भित्रेही आले. वहिनीनं राईचा केक मधोमध ठेवला: मलईचा पांढरा थर, त्यावर बेरीच्या मुरंब्याचा लालभडक थर. आमच्या बंदी घातलेल्या झेंड्याचे रंग, दुसरं काय!

झाबेल जमादार दोन शिपायांना घेऊन आत आला. टेबलाभोवती फिरला. झेंडा नाही, गाणं नाही, भाषण नाही, दारूचा थेंब नाही. शेवटी केकपाशी थांबला.

"हे रंग चालणार नाहीत."

"बेरी लाल असते, जमादार," वहिनी म्हणाली. "ती चूक देवाची. त्याला समज द्या."

सगळं सभागृह हसलं. झाबेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं टेबलावर मूठ आपटली. "उठा! सगळे उठा!"

कोणीही उठलं नाही. म्हातारी माणसं बिस्किटं चघळत त्याच्याकडे पाहत राहिली.

"माझ्या टेबलावरून उठा म्हणायचा अधिकार माझा आहे," वहिनी म्हणाली. "आमचं बारावं बिस्किट चाललंय. दोन राहिलीत. थांबायचं असेल तर खुर्ची घ्या."

मग त्यानं एकालाच उचललं. दोन शिपायांनी त्यूगेला दंडाला धरून बाकावरून ओढलं, कप सांडला. माणसं खवळली, पण त्यूगेच ओरडला, "हात उचलू नका, त्यांना तेच हवंय!" सूर्य मावळायच्या आत त्याला सीमेपार सोडलं. चौदावं बिस्किट त्याच्या बशीत पडलंच नाही, आणि वहिनीनं त्या दिवशी "उठा आता" म्हटलं नाही. अंधार पडला तेव्हा ती कप गोळा करायला लागली, आणि माणसं एकेक करून निघून गेली.

सीमा म्हणजे आमच्या गावाच्या उत्तरेचा ओढा. पुढच्या रविवारी वहिनीनं मला गाडी जुंपायला लावली. ओढ्याकाठी पोचलो तर पलीकडे त्यूगे उभा, निरोप धाडलेलाच होता. वहिनीनं भट्टीत पाव सारायची लांब दांड्याची फळी काढली, तिच्या टोकावर एकच कडक बिस्किट ठेवलं आणि फळी पाण्यावरून पुढे सरकवली. अलीकडचा पहारेकरी गोंधळून बघतच राहिला. यावर कुठला कायदा लावावा हे बिचाऱ्याला सुचेना.

त्यूगेनं हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"मागे घे मावशी!"

"अरे घे की! दांडा जड आहे!"

"इथे नाही खाणार. मी तुझ्या टेबलावरून उठलेलो नाही. मला ओढून नेलंय. बाकीचं मी तिथेच बसून खाईन!"

वहिनीनं फळी मागे घेतली. मला वाटलं, आता रडणार. पण तिचे डोळे लखलखत होते. "ऐकलंत ना भावजी? पोरगं माझंच आहे."

त्या दिवसापासून आमच्या सभागृहात टेबल दर हिवाळ्यात लागलं, तेरा प्रकार वाढले गेले, आणि चौदावं डब्यातच राहिलं. कोणी विचारलं तर वहिनी म्हणायची, "आमचं एक माणूस बाहेर गेलंय. येईलच." त्यूगेनं तिकडे जमीन घेतली, लग्न केलं. तिला किती पत्रं धाडली, ये म्हणून. तिनं पाऊल टाकलं नाही. "माझ्याच मुलुखातून बाहेर जायला त्यांची परवानगी मागू? मरेन, पण मागणार नाही." आणि डब्यातली बिस्किटं जुनी झाली की कोंबड्यांना घालून नवी भाजायची.

मग महायुद्ध आलं. कैसरच्या गणवेशात आमच्या गावची पोरं गेली ती फ्रान्सच्या चिखलात राहिली. इकडे राहिलेल्या त्यूगेसारख्या पोरांनाही मधल्या काळात जर्मन नागरिक करून घेतलं होतं, त्यांनाही जावं लागलं. त्यूगे पलीकडे होता म्हणून वाचला. मी हे एकदा बोललो, तर वहिनी म्हणाली, "तरीही झाबेलचे उपकार मानणार नाही." मानले नाहीतच.

युद्धात जर्मनी हरली, आणि आमचा मुलूख डेन्मार्कचा की जर्मनीचा यावर मतदान झालं. सीमा ओढ्यावरून उठली आणि आमच्या गावाच्या दक्षिणेला लांब जाऊन बसली. त्यूगे आला तो चालत, ओढा ओलांडून, मागे बायको आणि तीन पोरं. केस पांढरे झाले होते. वहिनीला तोवर नीट दिसत नव्हतं, पण भट्टीपाशी ती कुणाला फिरकू देत नव्हती.

सभागृहात त्याच्या जुन्या जागी तो बसला. गाव दाटीवाटीनं भोवती बसलं. वहिनीनं त्याच्या बशीत तेरावं बिस्किट ठेवलं, मग डबा उघडून चौदावं. त्यानं ते कडाकडा चावून खाल्लं.

"साखर कमी आहे, मावशी."

"युद्धानं महाग केलीय, मेल्या."

मग ती टेबलाच्या टोकाशी गेली, दोन्ही हात टेबलावर टेकले, आणि वीस वर्षं अडवून धरलेला शब्द मोठ्यानं म्हणाली, "उठा आता."

एकही माणूस उठला नाही. सगळे तिच्याकडे बघत रडत बसले होते.