तुळसाचं मागणं

शिमग्याची पालखी नाचू लागली, ढोल घुमले की पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या वाडीत तुळसाच्या अंगात देवी यायची. तेव्हा ती जे बोलेल ते सारी वाडी हात जोडून ऐकायची. देवी गेली की तुळसाला त्यातलं काही आठवायचं नाही, आणि एरवी तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही.

अंगणवाडी ओढ्यापलीकडे होती. पावसात पाणी चढलं की पोरं घरीच बसायची. गावकीच्या बैठकीत तुळसाने कितीदा सांगितलं, "पावसापुरती देवळाच्या मंडपात भरवा." पुरुष हं हं करायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

यंदा सून दर्शना म्हणाली, "आत्या, अंगात आल्यावर सांगून टाका ना. कोण नाय म्हणतंय?"

"तेव्हा मी बोलत नसते गो. मुद्दाम बोलले तर ते सोंग."

पालखी आली. ढोल तापले, पण तुळसाच्या अंगावर साधा काटाही आला नाही. गावकीचे म्होरके हैबतीबाबा मात्र सवयीने नारळ घेऊन पुढे झाले. "आये, लेकरांना काय सांगतेस?"

ढोल थांबले. आत्ता नुसती मान घुमवली असती तरी काम झालं असतं. तुळसाने पदर नीट केला.

"बाबा, आज देवी नाय आली. मी तुळसा बोलतेय. पावसात मंडप पोरांना द्या."

गर्दीत कुजबुज झाली. हैबतीबाबा गडबडले. "म्हणजे देवीचाच हुकूम समजायचा ना?"

"नाय. माझं मागणं हाय. नाय म्हणायचं तर मला नाय म्हणा. देवीला मधी आणू नका."

हैबतीबाबांचं देवीपुढे मान तुकवली की भागायचं. इथे विचार करून उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मागे वळून विचारलं, "काय रे, द्यायचा का?"

पहिला हात दर्शनाचा वर गेला. मग बायकांचे, मग मुंबईहून सणाला आलेल्या पोरांचे. शेवटी हैबतीबाबांनी नारळ खाली ठेवला आणि स्वतःचाही हात उचलला. "दिला! पण गळके पत्रे आधी बदला."

जुलैत ओढा दुथडी भरून वाहत होता आणि मंडपात पोरांची बडबडगीतं चालली होती. ऐकता ऐकता शेजारीण म्हणाली, "देवीची कृपा गो, तुळसा."

"कृपा हायच," तुळसा मोठ्याने हसली. "पण मागितलं मी!"