बिनपाटीचा डोंगर

नलूच्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी तो “येते गं बाई, रविवारी नक्की येते” असं म्हणतच उचलला. पलीकडे तिचा मुलगा अजित होता. “मावशी, आई गेली... झोपेतच,” एवढंच म्हणाला. टेंभी नाक्यावर भाजीची पिशवी घेऊन मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. महिना उलटला, तरी रविवार उजाडला की माझा हात आधी उन्हाच्या टोपीकडे जातो.

आम्ही दोघी एकाच बँकेत होतो. निवृत्तीनंतर मी मनसोक्त झोपा काढायचं ठरवलं होतं. नलूने आंबिवलीजवळचा एक डोंगर शोधून काढला. पायथ्याशी कुणा वकिलांचा जुना कौलारू बंगला आणि मागे उघडाबोडका उतार. वकिलांच्या लेकीने दोन्ही एका लहानशा निसर्गसंस्थेच्या हवाली केलेले. नलू तिथली बिनपगारी मालकीणच झाली आणि दर रविवारी संस्थेच्या मंडळींबरोबर मलाही कामाला जुंपू लागली. बंगल्याची कौलं शाकारून घ्यायची, आल्यागेल्याला ओसरीवर चहा पाजायचा आणि डोंगरावर... काहीच लावायचं नाही. कुंपण धड ठेवायचं, पावसाळ्यानंतर कडेकडेने गवत कापून जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा आत शिरत नाही. बाकी डोंगर आपलं आपण बघतो, असं ती म्हणायची. मला ते आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटायचं, पण बघता बघता तिथे करवंदं, पळस, ऐन आपसूक उभे राहिले.

लोक मात्र आईवडिलांच्या स्मरणार्थ म्हणून गुलमोहराची रोपं आणि नावाच्या पाट्या घेऊन येत. नलू त्यांना चहा द्यायची आणि रोपासकट परत पाठवायची. रुसायचे बिचारे. “तुझ्या डोंगराला इतकी स्थळं सांगून येतात आणि तू एकही पसंत करत नाहीस,” असं मी चिडवायचे.

मग तिचे यजमान श्रीकांतराव गेले. त्यानंतरच्या एका रविवारी ती स्वतःच सोनचाफ्याचं रोप घेऊन आली, त्यांच्या आवडीचं. आम्ही कुणी चकार शब्द काढला नसता. रोप मांडीशी घेऊन ती ओसरीवर बराच वेळ बसली. “सुधा, आज मी लावलं, तर उद्या कुणाला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?” ते रोप तिने परत नेलं आणि मानपाड्याला आपल्या इमारतीच्या कुंपणाशी लावलं.

मागच्या रविवारी अजित आणि संस्थेची मंडळी बकुळीचं रोप घेऊन आली, सोबत नलूच्या नावाची पाटी. सगळ्यांना ती पाटी तिथे हवी होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मला. माझी मैत्रीण तिथे कुठेतरी नावानिशी असावी, असं फार वाटत होतं. अजितने पहार उचलली. “मावशी, जागा तुम्ही दाखवा.” मी उतारभर फिरले. जिथे बघावं तिथे काहीतरी आपलं आपण उगवलेलं.

“अजित, परत नेऊ या रे,” मी म्हटलं.

तो क्षणभर दुखावला. मग डोळे पुसत म्हणाला, “आईने पण चहा पाजून हेच केलं असतं.” बकूळ आता मानपाड्याला सोनचाफ्याशेजारी आहे. पाटी अजितने घरी ठेवली.

बंगल्याच्या ओसरीवर खुंटीला नलूचा विळा टांगलेला असतो. मुठीला तिच्या जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली, अंगठ्याच्या जागी झिजून पातळ झालेली. नवी मूठ बसवू या, असं कुणीतरी सुचवलं. मी नको म्हटलं. जाळरेषेचे दिवस आलेत. माझा अंगठा तिच्यापेक्षा जाड आहे, पण बसतो तिथे.