सील नव्हे, जावई

२०२२ साल, मला बहात्तरावं लागलेलं. तापीतल्या माझ्या नावेचं जुनं मशीन बंद पडलं होतं आणि पोरगा म्हणे, भंगारात द्या. आतलं ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, खराब झालेलं आणि असं चिकटलेलं, की दोन दिवस पेचकस घालून ठोकलं तरी हललं नाही. शेवटी शिरपूरला मोटारसायकलच्या मेकॅनिककडं नेलं. हा माणूस गिऱ्हाइकाशी कमी, नटबोल्टांशी जास्त बोलतो.

माझ्या ठोकाठोकीच्या ओरखड्यांवर त्यानं बोट फिरवलं. कुणी केले, ते विचारलं नाही.

"आबा, हाऊ सील नही, जावाई शे. धक्का मारीसन निंघाव नही. ऊन पानी द्या, मान द्या, मंग उठी."

त्यानं उकळतं पाणी हळूहळू ओतलं, सीलमध्ये दोन स्क्रू पिळले आणि पकडीनं ओढलं. सील अख्खं बाहेर! मग पोरगा यायच्या आत पॉलिश पेपरनं माझे ओरखडे घासून टाकले.

नवं सील बसवून ड्रमभर पाण्यात मशीन उतरवलं. तिसऱ्यांदा दोरी ओढताच ते गरजलं. पोरग्यानंच ते उचलून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापीत नाव लोटली. मेकॅनिकला टॉवेल-टोपी दिली आणि पहिल्या फेरीला पुढं बसवलं, जावयासारखं.